पाणी टोचलेल्यांचं काय

कुमुद पोतदार आल्या तेव्हा
डोळे आधी आत आले, मागून त्या.
"रागावलोय असं वाटतंय सगळ्यांस्नी.
सून चहा ठेवती आन बाजूला सरकती.
झोपलो तरी पापणी मिटत न्हाई,
गुजरीतलं कुत्रं भुकायचं थांबून बघतंय."

मी मोजपट्टी टेकवली डोळ्यांच्या कडांना:
उजवा तेवीस, डावा बावीस.
परत टेकवली. उजवा बावीस.
हात माझाच, डोळा त्यांचाच.
मधला हा एक मिलिमीटर कुणाचा?

गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या एका हॉटेलात
कंपनीनं नव्या औषधाचं जेवण दिलं.
पडद्यावर एक बाई, आधीची आणि नंतरची.
आधीचीवर ट्यूबलाइट,
नंतरचीवर खिडकीतलं ऊन, केस विंचरलेले,
हनुवटी जराशी खाली.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
आइस्क्रीमची वाटी मांडीवर ठेवून.

शोधनिबंध मात्र घरी वाचला, रात्री, पेन्सिल घेऊन.
वर सारांशाचा वर्ख.
खाली बारीक अक्षरांत:
माणसं किती, तर दोन एसटीत मावतील एवढी.
दिवस किती, तर दिवाळी ते अक्षय्य तृतीया.
त्यापुढचं पान कोरं.
विड्या-सिगारेटी ओढणारे कुठल्या बाजूला जास्त पडले?
मध्येच सोडून गेले ते कुठल्या रकान्यात?
आपल्याकडे किरणोत्सवात किरण मोजतात:
पायापर्यंत आले, कमरेपर्यंत आले.
ढग आला तर ढग आला असं लिहितात,
पोचले असतील, असं नाही.

हे सगळं कुमुदताईंना सांगितलं, सोपं करून.
त्यांनी ऐकून घेतलं
आणि सरळ कसाच्या दगडावर घासलं:
"निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी टोचलं म्हणताय.
मग त्या पाणीवाल्यांचं काय झालं वो?"

वीस वर्षांत एकाही जेवणात
कुणी हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.
मीसुद्धा नाही विचारलं.

म्हणाले, त्यातलेही काही सुधारले.
हा आजार पेटतो, धुमसतो,
वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचदा आपणच निवतो.
निवताना जे औषध हाताशी असतं
त्यालाच श्रेय जातं.
"म्हंजे तेवढी घट धरून भाव करायचा."
हो. घट धरूनही काही उरतं,
चांगलंच उरतं, खोटं कशाला बोलू.
पण किंमत घराएवढी.
शिवाय साखर वाढते, पायात गोळे येतात,
काहींच्या कानांना...

"कानांना?"

त्यांनी बटव्यातून चांदीचे दोन रुपये काढले,
एकेक करून टाकले माझ्या टेबलाच्या काचेवर.
"ह्यातला खोटा कंचा?"
मला दोन्ही सारखेच वाजले.
"डोळ्यांनी मला आता एकाचे दोन दिसत्यात.
खरा कंचा, ते कानानंच ठरवतो मी."

निबंधात कानांना एकच ओळ होती, तक्त्यात: सौम्य.
कुणाला सौम्य, ते नव्हतं.

जुनं स्टिरॉइड ठरलं. बारा शुक्रवार, सलाइनमधून.
त्याच्याही पुराव्याला भोकं आहेत,
पण ती कुठं आहेत ते निदान माहीत आहे.
यकृताची तपासणी, साखरेवर लक्ष,
मालकांच्या विड्या उंबऱ्याबाहेर.
(यावर मालक पहिल्यांदा बोलले: "आँ?")

सातव्या शुक्रवारी उजवा बावीस.
औषधानं, दिवसांनी, की माझ्या हातानं?
मी बावीस लिहिलं,
शेजारी पेन्सिलीनं: एक इकडं-तिकडं.
सुई काढताना त्या म्हणाल्या,
"सून आता सरकत न्हाई."
तेही लिहून घेतलं, तारीख टाकून.